मार्ग आणि कारण

उत्तर न दिलेली पत्रं नरेंद्र खांबेट्यांच्या नावावर आयुष्यभरात बरीच जमली होती. पुण्याच्या एका वर्गमित्राने मुलाच्या मुंजीचं बोलावणं धाडलं होतं. तो बटू आता स्वतःच्या मुलांच्या फिया भरत होता. एका जर्मन प्राध्यापकाने त्यांच्या निबंधातली एक आकृती वाखाणली होती. आभार मानले तर शिष्टपणा होईल का, न मानले तर उद्धटपणा होईल का, या विचारात असतानाच तो प्राध्यापक वारला. त्या पत्रांची टोचणी हळूहळू बोथट झाली होती. सप्टेंबरात आलेल्या पत्राची मात्र होईना. ते नागोयाच्या करकचेरीचं होतं. आपण फार गडबडीत असाल, त्यात हा त्रास देतो आहोत, क्षमा असावी, अशी त्याची सुरुवात होती, आणि खाली दोन चौकोन होते. पहिल्यात लिहायचं होतं की आपण कामावर प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने जाता. दुसऱ्यात लिहायचं होतं, तोच मार्ग निवडण्याचं कारण. तीस सप्टेंबरपर्यंत उत्तर यावं, अशी विनंती होती. खांबेट्यांनी ते धातूंच्या थकव्यावरच्या एका जाड ग्रंथात, तीनशेव्या पानाच्या आसपास ठेवलं. घरात त्या ग्रंथाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे, आणि गेली सहा वर्षं त्यांनीही लावला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. संशोधनसंस्थेतून निवृत्त झाल्यावर खांबेटे ओसाकाच्या एका लहान कॉलेजात दर बुधवारी पदार्थविज्ञानाचे दोन तास घेत. कॉलेज पगार देई, गाडीभाडं देत नसे. फेब्रुवारीत त्यांची मुलगी पूर्वी आणि जावई शैलेंद्र तोक्योहून, हिगाशी-कसाईहून, चार दिवस राहायला आले. शैलेंद्रला रिकामं बसवत नाही. खांबेट्यांच्या बायकोने, कुमुदिनीने, थालीपिठाचं पीठ मळायला घेतलं तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सासऱ्यांचं विवरणपत्र भरायला घेतलं, आणि भरता भरता त्याला नियमांच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक कलम सापडलं. “बाबा, भाडं तुम्ही खिशातून भरता ना? मग ते टॅक्समधून वजा मागता येतं. रेअर केस आहे. इथे सगळ्यांना कंपनीच भाडं देते, त्यामुळे हे कोणी क्लेमच करत नाही.” खांबेटे म्हणाले, “कोणी करत नसेल तर आपण तरी कशाला?” “कारण तुम्ही एलिजिबल आहात.” या शब्दाचा त्यांच्यावर नाही म्हटलं तरी परिणाम झाला. त्यांना इतक्या खात्रीने कशालाही पात्र ठरवणारं बऱ्याच वर्षांत कोणी भेटलं नव्हतं. कॉलेजचा दाखला लागणार होता. पुढच्या बुधवारी ऑफिसातल्या मोरिता-सानने आठ वर्षांपूर्वीची फाइल काढली, तीत खांबेट्यांनीच रुजू होताना लिहून दिलेला मार्ग होता, नागोया ते शिन-ओसाका, शिन्कानसेन, आणि तोच तिने दाखल्यावर उतरवला. खाली शिक्का मारला, दोन्ही हातांनी कागद पुढे केला, आणि वाकली. खांबेट्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोरचं माणूस वाकलं की त्यांनाही वाकावं लागे, आणि सरळ होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे.

कारण शिन्कानसेनने, म्हणजे घरात जिला सगळे बुलेट म्हणत तिने, ते साडेतीन वर्षांत एकदाही गेले नव्हते.

पहिल्यांदा घडलं ते अगदी साधेपणाने. त्या बुधवारी पिशवीत एक मराठी कादंबरी होती आणि तिची ऐंशी पानं उरली होती. नागोया स्टेशनात तिकिटाच्या यंत्रासमोर उभे असताना त्यांच्या मनात आलं की बुलेटला ओसाका पन्नास मिनिटांवर आहे, आणि पन्नास मिनिटांत ऐंशी पानं होत नाहीत. तेवढ्याने त्यांचे पाय शेजारच्या खासगी रेल्वेकडे वळले. ती गाडी सव्वातीन तास घेई. इसे-नाकागावाला बदलावी लागे, आणि मग डोंगरात शिरून, बोगद्यांतून आणि पायऱ्यांच्या भातखाचरांवरून, शाळकरी मुलींना आणि टोपल्या घेतलेल्या म्हाताऱ्यांना चढवत उतरवत, ती कोणाची गाठ घ्यायची नसल्यासारखी ओसाकाला जाई. ऐंशी पानं नाबारीच्या अलीकडेच संपली. उरलेला वेळ ते नुसते बसून राहिले. नुसतं बसणं हे त्यांना कधी नीट जमलं नव्हतं. प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं ते धातूच्या पट्ट्या वाकवून कितव्या वाकण्याला तडा जातो ते मोजत आले, आणि मोजताना कायम त्यांना वाटे की मागे कोणीतरी उभं आहे आणि आता विचारणार आहे की हे तुम्हाला खरंच येतं का. त्या गाडीत मागे फक्त खिडकी होती. पुढच्या बुधवारी ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. भाड्याचे वाचलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानात जात आणि पुस्तकं कॉलेजच्या लॉकरात. घरी मात्र बुलेटच सांगितलेली होती. कारण त्याच्या आदल्या वर्षी त्यांना प्लॅटफॉर्मवर एकदा घेरी आली होती, आणि तेव्हा कुमुदिनीने ठरवून टाकलं होतं: “जाताना बुलेट, येताना बुलेट. तासाभराच्या वर गाडीत बसायचं नाही.” ते हो म्हणाले होते. लवकर निघायचं कारण विचारलं तर “तयारी करतो”, आणि उशिरा परतण्याचं विचारलं तर “मुलांना शंका असतात”. खरं म्हणजे मुलांना कधीच शंका नसत. शंका सगळ्या खांबेट्यांनाच असत.

करकचेरीने साडेसहा हजार येन परत केले. मे महिन्यात कुमुदिनीने त्यांची हापूसची पेटी आणवली. पेटीत बारा आंबे होते. बाराही उत्तम निघाले. खांबेट्यांनी आपल्या वाटणीचे सहा खाल्ले आणि प्रत्येक वेळी बाठ चोखताना त्यांना वाटलं की आता कोणीतरी दारावर थाप मारेल. ते सप्टेंबरात आलं, आणि इतकं मऊ बोलत आलं की थाप परवडली असती. खरा मार्ग लिहिला तर भाडं एवढं कमी होत होतं की वजावट मिळण्याची पायरीच गाठली जात नव्हती. आंबे बेकायदा ठरत होते. पण पैशाचं त्यांना फारसं काही नव्हतं, साडेसहा हजार कुठूनही देता आले असते. अडचण होती ती निराळी. उत्तर हाताने, जपानीत लिहायचं होतं. खांबेटे प्रयोगशाळेच्या इंग्रजीत पस्तीस वर्षं राहिले. त्यांच्या जपानी लेखनाची मजल पत्ता आणि आडनाव यांच्यापलीकडे गेली नाही. कुमुदिनी मात्र आल्या वर्षापासून कचरा वेगळा करण्याच्या तक्त्यापासून शाळेच्या पालकसभांपर्यंत सगळं झगडून शिकली, पुढे बारा वर्षं वॉर्ड ऑफिसात परदेशी लोकांना फॉर्म भरून देत होती, आणि तिचं अक्षर पाहून जपानी बायका हळहळत. घरातून जाणारा प्रत्येक जपानी कागद तिच्या हातून जाई. फोनमधल्या भाषांतराने त्यांनी एकदा प्रयत्न केला. फोनने जे लिहिलं ते नम्र आहे की निर्लज्ज हे त्यांना ठरवता येईना. शैलेंद्रला सांगितलं असतं तर त्याने पूर्वीला सांगितलं असतं, आणि पूर्वीने पाच मिनिटांत आईला. तेव्हा करकचेरीला खरं सांगायचं तर आधी कुमुदिनीला सांगावं लागत होतं, आणि कुमुदिनीला सांगायचं तर पहिला चौकोन एक वेळ जमला असता. दुसरा जमत नव्हता.

शाळेत परीक्षेच्या पेपरात ‘कारणे द्या’ म्हणून प्रश्न असे. कोणतीही पाच. इतर मुलं खाली मान घालून भराभर लिहीत. खांबेट्यांना उत्तर पाठ असूनही ते मधेच थांबत, कारण त्यांना वाटे की समुद्रकाठची हवा दमट असते याला पुस्तकात दिलंय तेवढंच कारण कसं असेल. दहापैकी चार मिळत. नागोयाला मुलाखतीत तीन प्रोफेसरांनी विचारलं होतं, जपानच का? तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पोलाद.” प्रोफेसर हसले आणि नोकरी दिली. पण ते कारण नव्हतं. खरं कारण काय ते त्यांना आजही सांगता आलं नसतं. कदाचित असं की पुण्यात सगळ्यांना त्यांच्याकडून काहीतरी बोलण्याची अपेक्षा असे, आणि इथे भाषाच येत नसल्यामुळे ती कोणी केली नसती. आणि त्या सव्वातीन तासांच्या गाडीचं कारण? स्वस्त आहे, असं लिहिता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं होतं की आठवड्यातून साडेसहा तास त्यांना घरापासून लांब, एकट्याने, बसायचं होतं. घर म्हणजे कुमुदिनी. पंचेचाळीस वर्षं जिने आपल्याला सांभाळलं तिच्यापासून आपल्याला लांब जायचं असतं, हे तिनेच सुंदर अक्षरात सरकारला लिहून द्यायचं, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती. म्हणून सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, पर्सिमनची झाडं पानं टाकून नुसत्या केशरी फळांनिशी उभी राहिली, आणि थकव्याचा ग्रंथ शेल्फावर दिवसेंदिवस अधिक जाड दिसू लागला.

वीस नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी, कुमुदिनीने त्यांच्यापुढे उपम्याची बशी ठेवली, समोर बसली आणि उजवा हात पुढे केला.

“कालचं तिकीट द्या.”

“कसलं?”

“बुलेटचं. काल वाऱ्याने कुठला तरी पत्रा उडून तारेवर अडकला ना, तीन तास गाड्या बंद होत्या. दोन तासांच्या वर उशीर झाला तर जलद गाडीचं जादा भाडं परत देतात. स्टेशनावर बाहेर पडताना तिकिटावर शिक्का मारून दिला असेल. मी आज तिकडेच चालले आहे, घेऊन येते.”

खांबेट्यांनी उपम्याचा घास घेतला. त्यात आलं जास्त झालं होतं, किंवा नेहमीइतकंच होतं. काल ते नाबारीच्या पुढे एका बाईला पाठीवर वेताची टोपली घेऊन शेताच्या बांधावरून जाताना पाहत होते. टोपलीतून मुळ्याचे पाले बाहेर आले होते आणि वाऱ्याने सगळे एकाच बाजूला झुकले होते. वारा त्यांना तेवढाच दिसला होता. ते सातला घरी आले. कुमुदिनीने दार उघडलं, त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पान वाढलं. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ आता, घास घशाशी असताना, त्यांना थोडाथोडा कळू लागला.

“मी जरा… उशिरा निघालो होतो,” ते म्हणाले.

“पाचला बंद पडलेल्या गाड्या आठला सुरू झाल्या. तुम्ही सातला घरी होतात.” तिचा हात अजून पुढेच होता. “पाच वाजता मी टीव्हीवर पट्टी पाहिली. तुम्हाला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. पाच ते सात मी काय केलं असेल ते विचारा.”

“काय केलंस?”

“कोथिंबीर निवडली. दोन जुड्या. एकेक पान.” तिने हात मागे घेतला नाही. “तिकीट नाहीये ना?”

काही माणसं अशा वेळी बोलतात. खांबेटे उठले, शेल्फाशी गेले, तो ग्रंथ काढला आणि त्यातून पाकीट काढून तिच्या उघड्या हातावर ठेवलं. मग ते पुन्हा बसले आणि उपम्याकडे पाहत राहिले. कुमुदिनीने चष्मा लावला. वॉर्ड ऑफिसात ती वाचत असेल तसं तिने वाचलं, एकदा भराभर आणि एकदा बोट ठेवून. बाहेर प्लास्टिकच्या कचऱ्याची गाडी तिची गोड धून वाजवत गल्लीत आली आणि निघून गेली. आज प्लास्टिकचा वार होता आणि पिशवी दाराशीच राहिली, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही हलली नाहीत.

“तीस सप्टेंबर,” ती म्हणाली. “आज वीस नोव्हेंबर. लोकांचे फॉर्म एक दिवस उशिरा आले तर मी त्यांना काय काय सुनावत असे.” मग, “तुम्ही कशाने जाता?”

त्यांनी सांगितलं. इसे-नाकागावा, नाबारी, डोंगर, सव्वातीन तास. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ही नावं त्यांनी आजवर मोठ्याने कोणापुढे उच्चारलीच नव्हती, आणि ती आपल्या तोंडून बरी वाटताहेत.

“चार वर्षं?”

“चार वर्षं आणि दोन महिने.”

“आणि घेरी?”

“त्या गाडीत कधी येत नाही.”

कुमुदिनीने टेबलावरचा पेला उगाच अर्धा इंच सरकवला. ती आता मोठ्याने बोलेल असं त्यांना वाटलं. ती हळू बोलली, आणि ते जास्त कठीण गेलं. “मला काल एवढंच वाटत होतं की तुम्ही त्या बंद गाडीत अंधारात बसलेले असाल, आणि तुम्हाला कोणाला पाणी मागायचाही संकोच वाटत असेल. दोन तास मी तुम्हाला त्या गाडीत बसवून ठेवलं होतं. आणि तुम्ही त्या गाडीत नव्हताच. उद्या काही झालं तर मी भलत्याच गाडीपाशी धावत जाईन. कळतंय का?”

खांबेट्यांना ते कळलं. त्यांनी आपल्या साडेसहा तासांचा विचार चार वर्षं सगळ्या बाजूंनी केला होता. आपण नेमके कुठे आहोत हे कोणालाच माहीत नाही, ही बाजू त्यांना फक्त सुखाची वाटली होती.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“चुकलंच.” ती उठली, आणि तिने खणातून जुनं शाईचं पेन काढलं, पेपर पसरून त्यावर तो कागद ठेवला. पहिल्या चौकोनात तिने मार्ग लिहिला, स्टेशनांची नावं एकाखाली एक. तिच्या अक्षरात ती डोंगरातली स्टेशनं अगदी नीटनेटकी, शिस्तीची दिसू लागली. मग पेन दुसऱ्या चौकोनाशी थांबलं. “कारण?”

“स्वस्त पडते.”

“ते त्यांना सांगा. मला सांगू नका. वाचलेले पैसे घरात तर दिसले नाहीत.”

“पुस्तकं आहेत. लॉकरात.”

“किती?”

“लॉकर भरलाय.”

“कारण?” ती पुन्हा म्हणाली. पेनाच्या टोकाशी शाईचा थेंब जमत होता. दहापैकी चार, खांबेट्यांच्या मनात आलं. मग त्यांनी, खाली न पाहता, सांगितलं. “मला त्या गाडीत वाचता येतं. घरी वाचताना चोरी केल्यासारखं वाटतं.”

“कुणाची चोरी?”

“तू उभी असतेस.”

“मी उभी असते कारण पोळ्या बसून लाटल्या की माझी पाठ धरते.”

“तसं नाही गं. तू सारखी काहीतरी करत असतेस, आणि मी नुसता बसलेला. तू काही म्हणत नाहीस. मलाच वाटतं. त्या गाडीत सगळेच बसलेले असतात.” एवढं बोलून त्यांना दम लागला, तरी शेवटचं राहिलं होतं, आणि ते आता नाही बोललं तर पुन्हा कुठल्यातरी ग्रंथात जाईल हे त्यांना दिसत होतं. “आठवड्यातून एकदा मला एकट्याने बसावंसं वाटतं, कुमुद. तुझ्यावर रागावून नव्हे.”

कुमुदिनीने पेन झाकणात घातलं. तिचा चेहरा त्यांना वाचता येईना. मग ती म्हणाली, “काल मी ती पट्टी पाहिली ना, ती कशाच्या मधे आली होती माहीत आहे? सुमोच्या.”

“तू सुमो बघतेस?”

“बुधवारी. स्पर्धा असली की. नसली तर जुन्या कुस्त्यांचं रेकॉर्डिंग लावते. त्या दिवशी स्वयंपाक नाही, कोंबिनीच्या दुकानातला तयार भाताचा त्रिकोण खायचा आणि तुमच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचं. आणि ओरडायचं. तुमच्यासमोर ओरडता येत नाही, तुम्ही असे दचकता.” तिने दचकून दाखवलं, ते हुबेहूब होतं. “खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटतं आमची बुधवारी भांडणं होतात. मी दर बुधवारी देवापुढे उभी राहून म्हणते, यांच्या विद्यार्थ्यांना आज भरपूर शंका येऊ देत.”

खांबेटे हसू लागले. त्यांचं हसणं बिनआवाजी असे, खांदे तेवढे हलत. कुमुदिनीचं मात्र आवाजी होतं, आणि तेही त्यांना आज पूर्वी कधी न ऐकल्यासारखं ऐकू आलं. पंचेचाळीस वर्षं आपण या बाईच्या मागे उभं राहून तिला काय हवं असेल याचा अंदाज बांधत आलो आणि तो एकदाही बरोबर आला नाही, असं त्यांच्या मनात आलं. एरवी या विचाराने त्यांना खिन्न वाटलं असतं, आज वाटलं नाही.

“आधी मोरिता-सानना फोन करा,” ती म्हणाली. “शिक्का त्यांचा आहे. त्यांना करकचेरीकडून कळता कामा नये.” त्यांनी केला. त्यांच्या तोडक्या जपानीत त्यांनी चार वाक्यं जुळवली, आणि पलीकडून मोरिता-सानच उलट माफी मागू लागली, की जुन्या फॉर्मवरून आपण न विचारता उतरवलं. दोघांनी एकमेकांची इतक्या वेळा माफी मागितली की खांबेटे फोन कानाला धरून टेबलाशी चार वेळा वाकले आणि कुमुदिनीने तोंडावर पदर नाही म्हणून वर्तमानपत्र धरलं. मार्ग बदलल्याचा फॉर्म पुढच्या बुधवारी टेबलावर तयार ठेवते, असं मोरिता-सान म्हणाली.

मग कुमुदिनीने दुसरा चौकोन भरला. लिहून झाल्यावर तिने तो त्यांना मराठीत वाचून दाखवला: दाखल्यावरचा मार्ग जुना आहे, चूक सर्वस्वी माझी आहे, वजावट रद्द करून दुरुस्तीचं विवरणपत्र भरतो. मी सावकाश जाणाऱ्या गाडीने जातो, कारण त्या गाडीत मला वाचता येतं. पत्नीला हे माहीत आहे. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी.

“पत्नीला माहीत आहे, हे त्यांना कशाला?” खांबेट्यांनी विचारलं.

“त्यांना नकोच असेल. मला तिथे हवं होतं,” ती म्हणाली. “आणि एक सांगते. नाबारीला पोचलात की फोन करा. बोलू नका हवं तर. एकदा वाजवून बंद करा.”

“आणि तू ओरडत असलीस तर?”

“तर मी उचलणार नाही. तुम्ही समजा.”

त्यांनी सही केली. आपलं आडनाव त्यांना नेहमीप्रमाणे थोडं वाकडं वाटलं, पण ते तसंच ठेवलं. वाळेपर्यंत ते कागदावर फुंकर घालत राहिले. पाकीट बंद करताना पुन्हा उघडून पाहावंसं वाटलं, ते कुमुदिनीने हातातून काढून घेऊन चिकटवलं आणि परत त्यांच्याच हातात दिलं. “हे तुम्ही टाकायचं. मी प्लास्टिकची पिशवी परत आत घेते.”

पेटी कोपऱ्यावर, दाताच्या दवाखान्यासमोर होती. वारा पडला होता. रस्त्यावर कालची जिंकोची पिवळी पानं ओली चिकटून बसली होती आणि दवाखान्यातली मुलगी ती झाडूने सोडवत होती. पेटीला दोन तोंडं होती. डाव्या तोंडात साधी पत्रं, उजव्यात इतर. आपलं पत्र साधं आहे की इतर, याचा खांबेट्यांनी विचार केला. तिकीट पुरेसं आहे का, हाही केला. पाकिटावर पत्ता कुमुदिनीचा होता, म्हणजे बरोबर होता. झाडूवाल्या मुलीने मान लववली. त्यांनीही लववली, सरळ झाले, आणि या वेळी सरळ झाल्यावरही करायचं ते शिल्लक होतं. त्यांनी पाकीट डाव्या तोंडात सरकवलं, बोटं एक क्षण आत ठेवली, आणि सोडलं. ते आधीच्या पत्रांवर पडल्याचा हलका आवाज आला.